पीतज्वराचे पुतळे आणि पीतज्वराचे कागद

पीतज्वर, म्हणजे यलो फीवर, भारतात आजवर कधीही पसरला नाही. तरीही सातारा-सांगली पट्ट्यातील बऱ्याच घरांच्या कपाटांत त्या रोगाच्या लसीकरणाचे पिवळे पुस्तक सापडते. आपल्याकडील साखर कारखान्यांत तयार झालेले रसायनतज्ज्ञ, अभियंते आणि साखर शिजवणारे पॅनमन युगांडा, केनिया, टांझानिया येथील कारखान्यांत नोकरीसाठी जातात, आणि जाण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी त्यांना ही लस टोचून घ्यावी लागते. पुस्तक जवळ नसेल तर परतताना विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलग राहण्याची वेळ येऊ शकते. माझ्या भाच्याने असे पुस्तक मिळवले तेव्हा या लसीचा उगम शोधण्याचे निमित्त मला मिळाले. मी वैद्यकाचा विद्यार्थी नाही. आयुष्यभर इतिहास शिकवला. त्यामुळे असेल कदाचित, परंतु लसीपेक्षा तिच्यामागील कागदपत्रांच्या कथेतच मी अधिक गुंतलो. ती कागदपत्रे कोणी जपली, ती जपली नसती तर काय हरवले असते आणि स्मारकांनी काय लपवले असते, याविषयी हे लेखन आहे.

मूळ प्रश्न साधा होता. पीतज्वर माणसाकडून माणसाकडे कसा जातो? एकोणिसाव्या शतकातील बहुतेक डॉक्टरांचे उत्तर असे होते की रोग्याचे कपडे, अंथरूण आणि ओकारी यांतून. क्यूबा बेटावरील हवाना येथील डॉ. कार्लोस फिनले यांनी ऑगस्ट 1881 मध्ये तेथील विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचून निराळे उत्तर दिले. आज आपण ज्याला एडिस इजिप्ती म्हणतो, त्या घरगुती डासाची मादी हा रोग पसरवते, असे त्यांचे म्हणणे होते. डासाची जात त्यांनी अचूक ओळखली होती. तथापि त्यांचे प्रयोग कोणालाही पटण्याइतके स्पष्ट निघाले नाहीत, कारण रोग्याला चावल्यानंतर डासाच्या अंगात विषाणू वाढण्यास सुमारे बारा दिवस लागतात, आणि फिनले यांचे डास त्यापूर्वीच निरोगी माणसाला चावत होते. हा विलंब प्रथम लक्षात आला तो हेन्री रोझ कार्टर या अमेरिकी डॉक्टरांच्या. 1898 साली मिसिसिपी राज्यातील दोन खेड्यांत त्यांनी घरोघरच्या पहिल्या रोग्याची तारीख आणि त्यानंतरच्या रोग्यांच्या तारखा नोंदवून मधले अंतर मोजले. प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही. नीट ठेवलेल्या तारखांच्या यादीतून एवढा मोठा निष्कर्ष निघाला, हे इतिहासाच्या शिक्षकाला आवडणारच.

1900 साली अमेरिकी सैन्याने तेव्हा अमेरिकेच्याच ताब्यात असलेल्या हवानाला पीतज्वराच्या अभ्यासासाठी एक आयोग पाठवला. मेजर वॉल्टर रीड त्याचे प्रमुख होते. जेम्स कॅरोल, अरिस्टिडेस अग्रामोंटे आणि जेसी लझिअर हे सदस्य होते. फिनले यांनी या मंडळींना स्वतःजवळची डासांची अंडी दिली. 27 ऑगस्ट रोजी कॅरोल यांनी डास चावून घेतला आणि ते मरणाच्या दारातून परत आले. त्यानंतर विल्यम डीन नावाच्या एका साध्या सैनिकाला डास चावला आणि तोही आजारी पडला. प्रसिद्ध झालेल्या अहवालात मात्र त्याचा उल्लेख केवळ ‘एक्सवाय’ या दोन अक्षरांनी आहे. 25 सप्टेंबर 1900 रोजी लझिअर पीतज्वराने वारले. त्यांचे वय 34 होते. या साऱ्या काळात रीड वॉशिंग्टनमध्ये होते, ही गोष्ट रीड यांच्या नावाने उभारलेली स्मारके पाहणाऱ्याला सहसा कळत नाही.

लझिअर यांना डास कसा चावला? रुग्णालयात रोग्यांवर काम करत असताना बाहेरचा डास हातावर बसला, असा अधिकृत वृत्तांत आहे. परंतु त्यांच्या छोट्या टिपणवहीतील नोंदी वाचून त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला असावा, असा संशय सहकाऱ्यांना आला. रीड यांच्या मृत्यूनंतर ती वही त्यांच्या कार्यालयातून नाहीशी झाली, असे सांगतात. एका टिपणवहीच्या अभावी एका माणसाच्या मरणाचे कारण शतकभर तर्कावर टांगून राहिले आहे.

पुढचा भाग तुलनेने परिचित आहे. 20 नोव्हेंबर 1900 रोजी हवानाजवळ सॅन होजे नावाच्या शेतावर ‘कॅम्प लझिअर’ उभा राहिला. तेथे लाकडाच्या दोन खोल्या बांधल्या. पहिलीत डॉ. कुक आणि दोन सैनिक पीतज्वराच्या रोग्यांची घाणेरडी अंथरुणे-पांघरुणे घेऊन सलग वीस रात्री झोपले आणि त्यांना काहीही झाले नाही. दुसरी खोली अगदी स्वच्छ होती. तिच्यात तारेच्या जाळीची मध्यभिंत घालून एका बाजूस संसर्गित डास सोडले होते. त्या बाजूस गेलेला स्वयंसेवक जॉन मोरन ऐन नाताळात तापाने फणफणला, आणि जाळीच्या पलीकडे तीच हवा घेणारी माणसे ठणठणीत राहिली. अंथरुणातून रोग पसरतो हा समज त्या दोन खोल्यांनी संपवला. अमेरिकी सैन्याचे तेथील आरोग्याधिकारी मेजर विल्यम गॉर्गस यांनी लगेच हवानातील पाण्याची पिंपे झाकून घेतली, साठलेल्या पाण्यावर रॉकेल ओतले आणि घराच्या आवारात अळ्या सापडल्यास दंड बसवला. 1901 च्या अखेरीस त्या शहरातून पीतज्वर गेला होता. आज आमच्या गल्लीत आशाताई आणि आरोग्यसेवक येऊन हौद, रांजण, कुंड्यांखालच्या थाळ्या तपासतात, अळ्या मारणारे अ‍ॅबेटचे द्रावण टाकतात, आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला सांगतात, तेव्हा डेंगी आणि चिकुनगुनियाच्या निमित्ताने त्याच डासाविरुद्ध तेच काम चाललेले असते. (त्यांच्या सूचना आम्ही किती गांभीर्याने घेतो, हा प्रश्न येथे नको.)

आता कागदांकडे वळतो. या प्रयोगांत अमेरिकी सैनिकांबरोबर नुकतेच बोटीने उतरलेले स्पॅनिश मजूरही होते. त्यांच्याकडून आयोगाने लेखी करार करून घेतला. स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतील हा मजकूर उपलब्ध आहे. त्यात अंतोनिओ बेनिग्नो हा मजूर कबूल करतो की आपले वय पंचवीसहून अधिक आहे, ताप आल्यास जिवाला धोका आहे हे आपल्याला समजले आहे, परंतु या बेटावर राहून हा रोग टाळणे मुळातच अशक्य असल्याने आयोगाच्या देखरेखीखाली तो मुद्दाम घेणे आपण पसंत करतो. मोबदला शंभर डॉलर सोन्याच्या नाण्यांत, आजारी पडल्यास आणखी शंभर, आणि मुदतीपूर्वी छावणी सोडल्यास काहीच नाही. वैद्यकीय प्रयोगासाठी घेतलेल्या लेखी संमतीच्या अगदी आरंभीच्या दस्तऐवजांत या करारांची गणना होते आणि त्याबद्दल आयोगाचे कौतुकही होते. मला ते कौतुक अर्धेच मान्य आहे. नाहीतरी रोग होणारच, हे वाक्य पोटासाठी देश सोडून आलेल्या माणसाच्या तोंडी कोणी घातले, हा प्रश्न तो कागद वाचताना सुटत नाही. परंतु असा प्रश्न मला विचारता येतो, याचे श्रेय पुन्हा त्या कागदालाच आहे.

31 डिसेंबर 1900 च्या रात्री, शतक संपायला दहा मिनिटे उरली असताना, रीड यांनी पत्नीला पत्र लिहिले. पीतज्वरावरचा एक जुना ग्रंथ वाचत आपण बसलो आहोत, आणि माणसाचे दुःख हलके करण्यासाठी काहीतरी हातून घडावे ही वीस वर्षांची प्रार्थना फळाला आली आहे, असे त्यात आहे. पुढे दोन वर्षांच्या आतच, नोव्हेंबर 1902 मध्ये, ते आंत्रपुच्छाच्या दाहाने वारले. हे खाजगी पत्र आज कोणालाही वाचता येते, ते फिलिप हेंच यांच्यामुळे.

हेंच हे इतिहासकार नव्हते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवातावर काम करणारे डॉक्टर, आणि कॉर्टिसोनच्या शोधाबद्दल 1950 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळालेले. 1930 च्या दशकाच्या अखेरीस, लझिअर ज्या महाविद्यालयात शिकले होते तेथे त्यांच्या नावाने इमारत उभी राहणार होती. त्या निमित्ताने हेंच यांनी छावणीतील हयात स्वयंसेवकांना पत्रे लिहिली, आणि उत्तरे आली ती छापील इतिहासाशी जुळेनात. येथे दुसऱ्या कोणी विषय सोडला असता. हेंच यांनी पुढील सुमारे पंचवीस वर्षे, रुग्ण पाहून उरलेल्या वेळात, त्याचा पाठपुरावा केला. जॉन मोरन आणि जॉन किसिंजर यांच्याकडून त्यांनी आठवणी लिहवून घेतल्या. रीड, लझिअर, कॅरोल यांच्या कुटुंबीयांकडून पत्रे, छायाचित्रे, तापाचे तक्ते मिळवले. आणि क्यूबाला जाऊन छावणीची नेमकी जागा शोधली. पहिली लाकडी खोली, ज्यात ती घाणेरडी अंथरुणे होती, ती चाळीस वर्षांनंतरही तेथे उभी होती. त्यांच्या खटपटीस क्यूबाच्या सरकारची जोड मिळून 1952 मध्ये ती जागा स्मारक म्हणून जाहीर झाली. 1965 साली हेंच वारले. या विषयावर पुस्तक लिहिण्याचा त्यांचा मनोदय पुरा झाला नाही. त्यांच्या पत्नी मेरी यांनी हजारो कागदांचा तो संग्रह रीड यांच्या जुन्या विद्यापीठाला, व्हर्जिनिया विद्यापीठाला दिला. आता तो संगणकावर खुला आहे आणि साताऱ्यातील खोलीत बसून वाचता येतो.

हेंच यांनी लिहिले नाही, गोळा केले. लिहिले असते तर कदाचित रीड यांचे आणखी एक स्तोत्र तयार झाले असते, कारण हेंच स्वतः रीड यांचे निस्सीम भक्त होते. गोळा केलेल्या कागदांत मात्र भक्ताला गैरसोयीचे असणारेही सामील झाले. ‘एक्सवाय’ हा विल्यम डीन होता, हे आज प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक आहे. लझिअर यांच्या पत्रांतून डासांवरील आरंभीचे काम कोणाच्या हातचे होते ते समजते. स्पॅनिश मजुरांची नावे आहेत: बेनिग्नो, प्रेसेदो, फर्नांदेस, मार्तीनेस.

याउलट स्मारकांचा हिशेब पाहावा. 1929 साली अमेरिकी काँग्रेसने या प्रयोगांत सहभागी झालेल्यांची सन्मानयादी करून सुवर्णपदके दिली. त्या यादीत एकही स्पॅनिश मजूर नाही. ऑगस्ट 1901 मध्ये हवानातील पुढच्या प्रयोगांत डास चावून घेऊन पंचविसाव्या वर्षी मरण पावलेली परिचारिका क्लारा मास, तीही नाही. तिच्या मृत्यूनंतर लोकमत असे खवळले की माणसांवरील हे प्रयोगच थांबले. तिची आठवण पुढे टपाल तिकिटांवर आणि न्यू जर्सीतील एका रुग्णालयाच्या नावात टिकली. फिनले यांच्यासाठी हवानात इंजेक्शनच्या सिरिंजच्या आकाराचा उंच स्तंभ आहे, त्यांच्या नावाचे विज्ञान-इतिहासाचे संग्रहालय आहे, आणि 3 डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस लॅटिन अमेरिकेत वैद्यकदिन म्हणून पाळला जातो. वॉशिंग्टनजवळ रीड यांच्या नावाचे लष्करी रुग्णालय. क्यूबाच्या पुतळ्याशी बोलावे तर शोध फिनलेंचा, अमेरिकेच्या पुतळ्याशी बोलावे तर रीड यांचा. माझ्या मते कल्पना निःसंशय फिनलेंची, सिद्धता आयोगाची आणि त्या सिद्धतेची किल्ली कार्टर यांच्या तारखांत होती. पण तीन नावांचा पुतळा कोणी उभारत नाही.

आपल्या जिल्ह्याला हा फरक खरे तर कोणी शिकवायला नको. वाईला सापडलेल्या पानिपतपूर्व काळातील पत्रांपासून इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे संशोधन उभे राहिले आणि 1898 साली त्यांचा पहिला खंड निघाला. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी दप्तरे, चित्रे, नाणी जमवून संग्रहालय घडवले. तो संग्रह पुढे 1939 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला, याची खंत साताऱ्यात अजूनही काही जण बोलून दाखवतात. रुमालात बांधलेले बाड पाहिले की ते रद्दीत जाऊ नये, एवढी जाणीव येथील जुन्या घरांत होती. मात्र ही जाणीव राजकारण, वतने आणि लढाया यांच्यापुरतीच राहिली. वैद्यकाचा कागद आम्ही कधी इतिहासाचा कागद मानला नाही. प्लेगच्या काळात गावे ओस पडून लोक रानात झोपड्या घालून राहिले, ते आम्ही आजीकडून ऐकलेले असते. नायगावच्या सावित्रीबाई फुले 1897 मध्ये पुण्याला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या, हे शाळेत शिकवतो. पण कोणत्या गावात टोचणी कधी झाली, कोणी विरोध केला, कोणी आधी दंड पुढे केला, याचे कागद कोठे आहेत असे विचारले तर उत्तर मिळत नाही.

लसीच्या कथेतही नावांचा प्रश्न आहेच. 30 जून 1927 रोजी, आजच्या घाना देशातील क्पेवे या गावी असिबी नावाच्या 28 वर्षांच्या तरुणाचे रक्त घेण्यात आले. त्याला सौम्य पीतज्वर होता आणि तो बरा झाला. आफ्रिकेतील माकडांना हा रोग सहसा आजारी पाडत नाही, म्हणून रॉकफेलर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेच्या पथकाने भारतातून गेलेली ऱ्हीसस माकडे वापरली होती. असिबीच्या रक्ताने त्यांतील एक मेले, आणि पीतज्वराचा विषाणू प्रथमच प्रयोगशाळेत हाती लागला. हे काम करणारे एड्रियन स्टोक्स त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच रोगाने लागोस येथे वारले. पुढच्या मे महिन्यात अक्रा येथे संशोधक हिदेयो नोगुची त्याच रोगाने वारले आणि पाठोपाठ त्यांचे सहकारी विल्यम यंग. मॅक्स थायलर आणि सहकाऱ्यांनी 1937 मध्ये असिबीच्याच विषाणूला पेशींच्या संवर्धनांत वारंवार वाढवून निरुपद्रवी केले. ती 17डी लस. थायलर यांना 1951 चे नोबेल मिळाले. माझ्या भाच्याच्या दंडात गेलेल्या लसीचा वंश सरळ त्या तरुणापर्यंत पोहोचतो. विषाणूला त्याचे नाव आहे. त्याचा पुतळा माझ्या वाचनात आलेला नाही.

आणि कागद केवळ गौरवासाठी ठेवायचे नसतात, हे याच लसीने दाखवले. 1942 मध्ये अमेरिकी सैनिकांना दिलेल्या लसीत स्थिरतेसाठी मानवी रक्तद्रव मिसळलेले होते आणि त्यातून कावीळ पसरली. लसीच्या कोणत्या बॅचमधून कोणती बाटली कोणाला दिली, याच्या नोंदी असल्यामुळे दोष नेमका पकडता आला. चाळीसहून अधिक वर्षांनंतर, 1980 च्या दशकात, संशोधकांनी त्याच नोंदी काढून त्या सैनिकांचे रक्त तपासले; ती कावीळ हिपॅटायटिस बी होती आणि सुमारे 3,30,000 जणांना तिची बाधा झाली असावी, असा अंदाज निघाला. ज्या कारकुनाने 1942 मध्ये बॅचचे क्रमांक लिहिले, त्याला हिपॅटायटिस बी हा शब्दही माहीत असणे शक्य नव्हते.

या इतिहासाचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. 1952 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने तेथे विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले, जी आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली तेव्हा पहिला संशय असा होता की पीतज्वर अखेर भारतात पोहोचला. पुण्याच्या पथकाने शोध घेतला आणि तो गोचिडीतून पसरणारा नवा विषाणू निघाला. 1973 मध्ये बार्शीला चिकुनगुनियाची मोठी साथ आली, तिचा अभ्यासही याच केंद्राने केला. डास तोच, फिनलेंचा.

आमच्या भागात मिरजेचे वैद्यकीय वय मोठे आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1890 च्या दशकात तेथे मिशनचे रुग्णालय उभारले, आणि त्या काळापासून आजूबाजूच्या जिल्ह्यांतील रुग्ण मिरजेची वाट धरत आले. त्याखेरीज तालुक्यातालुक्यांत जुने दवाखाने होते, नगरपालिकांची जन्म-मृत्यूची रजिस्टरे होती, हिवताप निर्मूलनाच्या काळात घरांच्या भिंतींवर फवारणीच्या तारखा लिहिणारे कर्मचारी होते, देवीच्या टोचणीसाठी वाड्यावस्त्या पालथ्या घालणारे होते. एका जुन्या दवाखान्याची वास्तू पाडताना तेथील रुग्णनोंदींची बाडे रद्दीवाल्याने वजनावर नेल्याचे मला नंतर कळले. दवाखान्याचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण असे सर्वत्रच होते.

रुग्णांच्या नोंदी जपाव्यात म्हणताना एक अडचण मी टाळू इच्छित नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या रजिस्टरात कोणाला कोणता रोग होता ते नावानिशी लिहिलेले असते. कुष्ठरोग, गुप्तरोग, क्षय. ती नावे आजही गावात ओळखू येतात. असे कागद जपावेत, परंतु नावे झाकूनच दाखवावेत, असे माझे मत झाले आहे. काम करणाऱ्यांची नावे मात्र, त्यांची अनुमती घेऊन, आवर्जून उघड ठेवावीत. फवारणी करणारा, टोचणारा, परिचारिका, कंपाउंडर, शवचिकित्सेला हात लावणारा सफाई कामगार, यांचे नाव स्मारकाच्या फलकावर कधी येत नाही.

हेंच यांना मोरन आणि किसिंजर हयात असताना गाठता आले. देवीच्या शेवटच्या मोहिमेत काम केलेली आमच्याकडची माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांतील काही माझ्या ओळखीची आहेत, आणि त्यांना विचारायचे प्रश्न मी लिहून काढले आहेत: टोचणीची सुई कशी उकळत होता, दार न उघडणाऱ्या घरी काय बोलत होता, रोजची डायरी कोणाकडे द्यावी लागे, आणि ती दिल्यावर पुढे तिचे काय होत असे. एका गृहस्थांनी आपली डायरी वरिष्ठांकडे न देता घरीच ठेवली होती, असे त्यांच्या सुनेने फोनवर सांगितले. दिवाळीनंतर कॅमेरा घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे. डायरी त्यांच्याच घरी राहील.